वांग्याच्या मुळावरच्या गाठी

महाडहून बिरवाडीच्या बाजूला गेले की औद्योगिक वसाहत लागते. तेथे रसायनांचे कारखाने आहेत. आसपासच्या गावांतले पुष्कळ तरुण तेथे पाळीवर कामाला जातात. अशाच एका गावात आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याची बायकोही आमच्याच हाताखाली शिकलेली. तो एका कारखान्यात कंत्राटावर आहे. पाळी सुटली की घरी येतो आणि मळ्यात राबतो.

घरामागे त्यांचा पाच गुंठ्यांचा मळा आहे. विहिरीला बारमाही पाणी आहे. तीन वर्षे त्यांनी या मळ्यात सलग भाजी केली. कधी वांगी, कधी भेंडी, कधी मिरची. भाजी महाडच्या बाजारात जाई. मुलीच्या शाळेचा खर्च त्यातूनच निघे.

एके दिवशी माघ महिन्यात तो आमच्याकडे आला. हातात कोरा कागद होता.

"गुरुजी, एक अर्ज लिहून द्या."

"कसला अर्ज?"

"वांगी मरायला लागलीत. लोक म्हणतात, कारखान्याचं पाणी आमच्या विहिरीत उतरलं. युरिया दोनदा टाकला. साडेचारशे रुपयांचं टॉनिक आणून मारलं. काही उपयोग नाही."

"अर्जावर सही कोण करणार?" आम्ही विचारले.

तो गप्प झाला. सही केली तर कंत्राटदार उद्या कामावर घेईल की नाही, ही त्याला भीती. न करावी तर मळा जातो. दोन्हीकडून पोटावरच येत होते.

कोणी नदीनाल्यात घाण पाणी सोडले तर अर्ज केलाच पाहिजे. तसे अर्ज आम्ही स्वतः लिहून दिले आहेत. पण अर्जात लिहायचे ते खरे हवे. म्हणून आम्ही म्हणालो, "कागद इथेच ठेव. आधी झाड बघू."

मुळाशी काय दिसले

मळ्यात गेलो. दुपारची वेळ होती. वांग्यांनी माना टाकल्या होत्या. त्याची बायको म्हणाली, "गुरुजी, संध्याकाळी ही परत उभी राहतात. सकाळी बघाल तर काही झालंच नाही असं वाटतं." पाने पिवळट होती. फळ लहान होते. सगळा मळा मात्र सारखा खराब नव्हता. मध्येच एक चट्टा खराब, आणि त्याला लागून चार झाडे बरी. पाटाच्या कडेला अळू होते. त्याला त्याच विहिरीचे पाणी मिळत होते. अळू हिरवेगार होते. तणही जोमात होते. पाण्यात विष असते तर ते निवडून वांग्यालाच कसे लागले असते?

आम्ही कुदळ मागितली. रोप हिसकून उपटू नये. हिसकले तर बारीक मुळे मातीतच राहतात आणि पाहायचे तेच राहून जाते. भोवतालची माती सैल करून आम्ही एक झाड मुळांसकट उचलले. बादलीत बुडवून हळूहळू धुतले.

मुळांवर गाठीच गाठी होत्या! काही मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. काही ठिकाणी गाठीला गाठ लागून मूळ आल्यासारखे वेडेवाकडे फुगले होते. पांढरी बारीक तंतुमुळे जवळजवळ नव्हतीच. पाणी पिणारी मुळे तीच. ती नसल्यावर ऊन वाढले की झाड मान टाकणारच.

ते पाहून बायको घाबरली. ती खाचरात गेली आणि वालाचे एक रोप उपटून घेऊन आली. "गुरुजी, ह्यालाही गाठी आहेत. वाल पण गेला का?"

दोन्ही मुळे आम्ही शेजारी ठेवली. तुम्हीही असे करून पाहा. वालाची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते. नखाने सहज निघते. फोडली तर आत गुलाबी लाल दिसते. ती गाठ चांगली. तिच्यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. वांग्याची गाठ तशी निघत नाही. कारण तेथे मूळच फुगलेले असते. ओढली तर मूळ तुटते. ही रोगाची गाठ. अशी गाठ वालालाही होऊ शकते, म्हणून नखाने काढून बघायचे. त्या दिवशी तरी वाल निरोगी होता. दोन बोटांची ही परीक्षा माहीत नसली, तर माणूस चांगले पीक उपटून टाकील आणि रोगट पिकाला खत घालीत बसेल.

मातीतला पाहुणा

या गाठी करणारा प्राणी डोळ्यांना दिसत नाही. त्याचे नाव सूत्रकृमी. सूत्र म्हणजे दोरा. दोऱ्यासारखा कृमी तो सूत्रकृमी. मुलांच्या पोटात जंत होतात, तेही याच मोठ्या कुळातले. पट्टीवरची सर्वांत लहान खूण एक मिलिमीटरची. या कृमीचे पिल्लू तिच्या निम्म्याहूनही लहान असते. इंग्लंडात बर्कले नावाच्या गृहस्थांनी १८५५ साली काकडीच्या मुळांवर अशा गाठी पाहिल्या. आपल्या देशात बार्बर यांनी १९०१ साली दक्षिणेत चहाच्या मुळांवर त्या पाहिल्याची नोंद आहे. म्हणजे हा पाहुणा कारखान्यांच्या फार आधीचा!

पिल्लू मुळाच्या शेंड्याजवळ शिरते. आत सरकत मुळाच्या मधोमध जाते. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या तेथे असतात. त्याच्या तोंडात पोकळ सुई असते. ती सुई तो झाडाच्या पेशींत खुपसतो आणि आपली लाळ आत सोडतो. घर जसे विटांचे, तसे झाडाचे अंग पेशींचे. कृमी पाचसात पेशी निवडतो. त्या फुगत जातात आणि इतर पेशींच्या मानाने राक्षसाएवढ्या होतात. झाडाने पानांत तयार केलेले अन्न या पेशींत येते आणि तेथून कृमीच्या पोटात जाते. मादी एकदा बसली की उठत नाही. तेथेच फुगून नासपतीच्या आकाराची होते. तिला नराची गरजही बहुधा पडत नाही. चिकट पदार्थाच्या गोळ्यात ती तीनचारशे अंडी घालते. माती उबदार असली तर पुरती एक पिढी व्हायला महिना पुरतो.

आपण हिशेब करू. तीनशे अंड्यांतून दहाच जगली असे धरा. पहिल्या महिन्यात एकाचे दहा. दुसऱ्या महिन्यात शंभर. तिसऱ्या महिन्यात हजार. वांगे तर मळ्यात पाचसहा महिने उभे असते. आणि आमच्या विद्यार्थ्याने तीन वर्षे वांगी, भेंडी आणि मिरचीच लावली. तिन्ही या कृमीच्या आवडीची.

वाढीचा सांगावा आणि राखणीचा सांगावा

मग झाड गप्प का बसते? ते लढत नाही का?

लढते. पण ते कसे, हे समजायला झाडाचा कारभार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. झाडाला डोके नाही, तोंड नाही. तरी शेंड्याची खबर मुळाला कळते आणि मुळाची शेंड्याला. झाडाच्या अंगात काही द्रव्ये फार थोड्या प्रमाणात तयार होतात आणि एका भागातून दुसऱ्या भागात जातात. ती सांगाव्याचे काम करतात. शास्त्रात त्यांना संप्रेरके म्हणतात. आम्ही येथे सांगावाच म्हणू.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा यांनी गवताच्या कोवळ्या कोंभांवर प्रयोग केले. कोंब उजेडाकडे वाकतो. शेंडा झाकला तर वाकत नाही. म्हणजे शेंडा खाली काहीतरी कळवतो, असे त्यांनी १८८० साली लिहिले. पुढे १९२८ साली हॉलंडमध्ये वेंट यांनी ओट नावाच्या धान्याच्या कोंबाचा शेंडा कापून तो खळीसारख्या वडीवर ठेवला. शेंड्यातले द्रव्य वडीत उतरले. मग नुसती वडी कापलेल्या कोंबावर ठेवली, तरी कोंब वाढू लागला! ते द्रव्य म्हणजे ऑक्झिन. हा वाढीचा सांगावा. कोवळ्या पानांतून तो खाली मुळाच्या टोकापर्यंत जातो. मुळात जेथे तो साचतो, तेथे नवे उपमूळ फुटते.

राखणीचे सांगावे निराळे. एकाचे नाव जॅस्मोनिक आम्ल. जाईच्या कुळातल्या फुलांच्या सुगंधी तेलात १९६२ साली याचेच एक रूप सापडले, म्हणून नाव जाईवरून पडले. अळीने पान कुरतडले किंवा कृमीने मूळ टोचले की हा सांगावा सुटतो. मग झाड कडू, विषारी द्रव्ये करते, पेशींच्या भिंती जाड करते. दुसरा सांगावा सॅलिसिलिक आम्लाचा. डोके दुखले की आपण ॲस्पिरिनची गोळी घेतो, ती याच आम्लापासून करतात.

आता खरी मेख येथे आहे. वाढ आणि राखण या दोन्हींना अन्न एकाच कणगीतून काढावे लागते. रात्री रानडुकरे येतात म्हणून आपण माळ्यावर राखणीला माणूस बसवतो. रात्रभर जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी कापणीला येत नाही. घरातली सगळी माणसे राखणीला बसवली तर शेत वाचेल, पण लावणी कोण करील? झाडाचेही तसेच. जॅस्मोनिक आम्ल दिलेल्या पाण्यात रोप वाढवले तर त्याचे मूळ आखूड राहते. राखण वाढते, वाढ थांबते. म्हणून झाड हा सांगावा जपून सोडते. वाढीचा सांगावा जोरात असला की राखण ढिली पडू शकते. दिवसभर हे तोलणे चालूच असते.

सूत्रकृमी नेमका या तोलात हात घालतो. तो बसतो तेथे ऑक्झिन साचते. मुळाला वाटते, येथे वाढायचे आहे. म्हणून ते फुगते. गाठ कृमी बांधत नाही. तो झाडाकडून बांधून घेतो! राखणीचा सांगावा दाबतील अशी द्रव्येही त्याच्या लाळेत असतात. आमच्या मते हा चोर नव्हे. चोर रात्री येतो आणि जातो. हा मालकाच्या नावाने हुकूम काढून घरात राहतो.

टॉनिकची बाटली

बेल्जियम देशात घेंट येथील विद्यापीठात भातावर प्रयोग झाले. भाताच्या मुळावर गाठी करणारा कृमी याच घराण्यातला, पण वेगळ्या जातीचा. तेथील शास्त्रज्ञांनी भाताच्या पानांवर जॅस्मोनिक आम्लाचे एक रूप फवारले. फवारले पानांवर, पण मुळांवरच्या गाठी कमी झाल्या. हे २०११ साली छापून आले. सांगावा वरून खाली पोहोचला. हे प्रयोगशाळेतले काम आहे. आपण असे काही फवारायला जाऊ नये.

पुढे २०१८ साली त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. भाताला जिब्रेलिन दिले तर गाठी वाढल्या. जिब्रेलिन हाही वाढीचाच सांगावा. याचा शोध भातामुळेच लागला. भाताचे एखादे रोप पिवळट होऊन इतरांपेक्षा उंच, लुकडे वाढते आणि मरते. जपानी लोक त्याला वेडे रोप म्हणत. कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवले की एक बुरशी असे द्रव्य सोडते की त्यानेच रोप असे वाढत सुटते. तेच हे द्रव्य. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाचा मणी मोठा व्हावा म्हणून बागाईतदार द्राक्षाचे घड याच द्रव्यात बुडवतात. तेथे त्याचे काम योग्य आहे.

आम्ही टॉनिकची रिकामी बाटली मागवली. मागे बारीक अक्षरांत जिब्रेलिक आम्ल असेच लिहिले होते. भातावर दिसले ते वांग्यावर जसेच्या तसे होईल, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुळाला राखण हवी, त्याच्या झाडाला "वाढ, वाढ" म्हणून सांगण्यासाठी साडेचारशे रुपये गेले, एवढे खरे. आता तुम्हाला वाचता येते. बाटली घेताना मागची बारीक अक्षरे वाचा. इंग्रजी असली तर मुलाकडून, मुलीकडून वाचून घ्या. दुकानदाराला घाई असते, आपल्याला नसावी.

दोन डबे

गाठी दिसल्या तरी आमच्या विद्यार्थ्याच्या मनातून पाणी जाईना. मग आम्ही ओसरीवर दोन डबे मांडले. दोन्हींत त्याच्याच मळ्यातली माती. एका डब्यातली माती चुलीवर भाजून चारपाच दिवस थंड होऊ दिली. दुसरीतली तशीच ठेवली. दोन्हींत टोमॅटोचे बी पेरले. दोन्हींना त्याच्याच विहिरीचे पाणी. पाणी तो कामावर जाताना रोज बाटलीतून आणून देई.

सहा आठवड्यांनी दोन्ही रोपे काढून धुतली. न भाजलेल्या मातीतल्या मुळांवर गाठी होत्या. भाजलेल्या मातीतली मुळे पांढरी आणि लांब होती. पाणी एकच होते.

यावरून ते पाणी पिण्याला चांगले ठरत नाही, हेही आम्ही त्याला सांगितले. ते वेगळे तपासायचे. पण वांग्यांच्या अर्जावर सही करून नोकरी धोक्यात घालायचे कारण राहिले नाही.

मातीचा नमुनाही पाठवला. आपल्या जिल्ह्यासाठी किल्ला-रोह्याला कृषि विज्ञान केंद्र आहे, आणि दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषि विद्यापीठ आहे. नमुना घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. खतासाठी माती तपासायची तर ती सावलीत वाळवून देतात. कृमी तपासायचे तर माती वाळवू नये. वाळली की कृमी मरतात, आणि मळा निर्दोष असल्याचा खोटा दाखला मिळतो. चारपाच ठिकाणची वीतभर खोलीची ओली माती, थोडी मुळे, प्लॅस्टिकची पिशवी. ती उन्हात ठेवायची नाही.

मग काय केले

"गुरुजी, जहाल औषध टाकू का? पूर्वी फोरेट टाकायचे," त्याने विचारले.

फोरेट सरकारने २०२० साल संपताना बंद केले. भाजी आठवड्यातून दोनदा तोडायची, घरात खायची, आणि पलीकडे विहीर. असे विष बंद झाले ते बरेच झाले.

रोगट झाडे त्यांनी मुळांसकट काढून जाळली. उकिरड्यात टाकली नाहीत. टाकली असती तर खताबरोबर कृमी परत मळ्यात आले असते. वैशाखात जमीन दोनतीनदा खोल उकरून तापू दिली. रोपवाफ्याला पाणी देऊन त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरले, कडा मातीत दाबल्या आणि तीन आठवडे तसेच ठेवले. ऊन आत कोंडते आणि माती शिजल्यासारखी तापते. आपले वाडवडील भाताच्या रोपासाठी राब भाजत, तेव्हा वरची माती अशीच तापे. लावणीआधी दोनतीन आठवडे निंबोळी पेंड मिसळायची, गुंठ्याला दहा ते वीस किलो. हे खर्चाचे आहे, म्हणून त्यांनी आधी दोनच गुंठ्यांत केले.

वांगी त्यांनी पुढच्या हिवाळ्यात खाचरात नेली. भाताच्या खाचरात पावसाळाभर पाणी उभे असते. वांग्यावरच्या या कृमीला ते सोसत नाही. आपल्या भागात भाजीचा मळा उंचवट्यावर, घराजवळ, वर्षानुवर्षे एकाच जागी असतो. तेथेच हा रोग मुरतो. रोपेही त्यांनी या खेपेस स्वतःच तयार केली. आधीची रोपे बाजारातून आणली होती. गाठी त्या रोपांबरोबर आल्या की पायांच्या चिखलाबरोबर, ते आता कोण सांगणार?

मळ्यात पावसाळ्यात उंच वाफे करून झेंडू लावला. झेंडूच्या मुळांत या कृमीला घातक द्रव्य असते. पण कडेला चार झाडे लावून भागत नाही. सगळ्या वाफ्यात दाट लावून दोनतीन महिने ठेवावा लागतो. फुले दसऱ्याला महाडच्या बाजारात गेली.

कृमीला दाद न देणारी वाणेही आहेत. टोमॅटोत हा गुण एका रानटी टोमॅटोपासून आणला आहे. कृमी टोचतो, तेथल्या पेशी झाड स्वतःच चटकन मारून टाकते. कृमी उपाशी राहतो. हरियाणातल्या कृषि विद्यापीठाचे हिसार ललित हे वाण असेच कृमीला तोंड देणारे आहे. मात्र माती २८ अंशांच्या वर तापली की रानटी टोमॅटोचा हा गुण ढिला पडतो. आपल्याकडे फाल्गुनानंतर त्यावर भिस्त ठेवू नये. वांग्याचे कलम एका रानटी वांग्याच्या खुंटावर बांधतात, तेही चांगले चालते. आंब्याचे कलम बांधणाऱ्या माणसाला ते अवघड जाऊ नये.

कोऱ्या कागदावर शेवटी त्याच्या बायकोने मळ्याचा नकाशा काढला. कोणत्या वाफ्यात कोणत्या महिन्यात काय लावले, ते ती त्यावर लिहिते. दर महिन्याला एक झाड उपटते आणि बादलीत धुऊन बघते. परवा ती पिशवीत वांग्याचे एक रोप घेऊन आली. मुळे पांढरी होती, दाट होती. एका मुळाच्या टोकाला मोहरीएवढ्या दोन गाठी होत्या. नखाने काढून बघितल्या. निघाल्या नाहीत. "कोणत्या वाफ्यातलं?" आम्ही विचारले. तिने नकाशावर बोट ठेवले. निंबोळी पेंड न घातलेला, विहिरीकडचा वाफा होता.